तहानलेल्याला तीस सेकंद

संजीवनीबाईंचा सकाळचा क्रम ठरलेला होता. आंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, पोथीचा एक अध्याय, आणि मग चष्मा पुसून मोबाईलमधला रांजण. चहा त्यानंतर. नांदुऱ्यात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत देव. त्यांचे यजमान महादेवराव कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. ओसरीवर पेपर उघडून बसायचे आणि रोज तोच टोमणा मारायचे.

"झालं काय वं तुह्या वाटसरूचं? आता घरच्या वाटसरूले चहा भेटन का?"

"भेटन. त्याले घर नाही, तुम्हाले आहे. थोडा दम काढा."

'पाणपोई' नावाचा तो खेळ होता. त्यात मारामारी नाही, कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. एक उजाड माळ, त्यातून जाणारी पायवाट, एक कडुनिंब आणि त्याखाली तुमची पाणपोई. रोज विहिरीतून पाणी शेंदून रांजण भरायचा. लांबून एक वाटसरू येतो, ओंजळ धरतो, तुम्ही गडव्यानं पाणी घालता, तो पितो, हात कपाळाला लावतो आणि निघून जातो. झालं. खेळातला दिवस दिवेलागणीला, संध्याकाळी सातला संपायचा. तोवर पाणी पाजलं की तुमच्या नावापुढचा आकडा एकानं वाढायचा. एक दिवस चुकला की पुन्हा शून्य.

हा खेळ त्यांना दाखवला शाइस्तानं. उर्दू शाळेत शिकवणारी, वयानं दहाएक वर्षांनी लहान. ड्रेस शिवायला आली आणि मैत्रीण होऊन बसली. "पाणी पाजणं म्हणजे लई सवाबाचं काम, ताई," ती म्हणाली होती. "खेळातलं का असेना." संजीवनीबाई हसल्या होत्या. "आमच्यात त्याले पुण्य म्हणतात. माल एकच, दुकान येगळं."

पण हसण्यामागे एक सल होता, आणि तो शाइस्ताशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. लॉकडाऊनच्या वैशाखात माणसांचे जथे त्यांच्या दारावरून पायी जात होते. एक जण फाटकाशी थांबला आणि त्यानं नुसती ओंजळ दाखवली. संजीवनीबाईंच्या हातात भरलेला तांब्या होता. पण घरात दम्याचा माणूस, गावात रोगाची दहशत. त्यांनी खिडकीतूनच हातानं खूण केली, पुढं जा. तो काही बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी आषाढात त्यांनी 'पाणपोई'चा नेम धरला. एकदा महादेवरावांना अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रांजण भरला. आकडा झाला होता चौदाशे एकसष्ट. एकही दिवस चुकला नव्हता. बुलढाणा, अकोला, जालन्याकडच्या दोनशे-सव्वादोनशे खेळाडूंचा मोबाईलवर एक ग्रुप होता, सगळ्यांचे आकडे सगळ्यांना दिसायचे, आणि सगळ्यात वर नाव होतं संजीवनी.

कंपनी पुण्याची, नाव सांजवारा. खेळ उघडला की पहिल्याच पानावर तिनं लिहून ठेवलं होतं, 'इथं पाणी विकलं जात नाही.' या एका वाक्यावर सगळ्यांचा जीव होता.

आणि यंदाच्या आषाढात ते वाक्य एका सकाळी नाहीसं झालं.

संजीवनीबाईंनी रांजण भरला. वाटसरू आला, त्यानं ओंजळ धरली. त्यांनी गडवा उचलायला बोट टेकवलं, तर पडद्यावर केसांच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. तीस सेकंद. तिच्या मागं, धूसर, तो माणूस ओंजळ धरून उभाच. जाहिरात संपल्यावरच गडवा हलला. कडुनिंबाच्या खोडावर थंड पेयाची पाटी ठोकली होती. आणि खाली नवं बटण, 'चुकलेला दिवस विकत घ्या.'

त्या दिवशी महादेवरावांना चहा उशिरा मिळाला आणि त्यात साखर नव्हती.

ग्रुपवर तर वणवाच पेटला. साखरखेर्ड्याचे शालिग्राम, ज्वारीचे व्यापारी, यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. लोणारच्या अकरमनं लिहिलं, "बुडवा या कंपनीले आमच्या सरोवरात. तिथलं पाणीबी पिता येत नाही, यांच्यासारखंच." मग शाइस्तानं सगळ्यांना शांत केलं आणि मागण्या लिहून काढल्या. जाहिराती दाखवा, आमचं काही म्हणणं नाही, तुम्हालाही पोट आहे. पण त्या वाटसरू गेल्यावर दाखवा, तहानलेल्याला उभं करून नको. चुकलेला दिवस चुकलेलाच राहू द्या, तो विकू नका. आणि झाडावरची ती पाटी काढा.

कंपनीचं उत्तर आलं. एवढ्या लवकर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आमच्या सगळ्यात जुन्या खेळाडूशी आम्हाला बोलायचं आहे, असं त्यात होतं. ग्रुपनं एकमतानं संजीवनीबाईंना पुढं केलं.

"मी नाही वं," त्या शाइस्ताला म्हणाल्या. "माहा चातुर्मास चालू आहे. चार महिने कोणाले कडू बोलायचं नाही, दरसालचा नेम आहे माहा."

"तर मग गोड बोल ना, ताई. पण बोल मात्र सगळं. लोक तुह्याच भरोशावर आहेत."

ठरल्या दुपारी व्हिडिओवर जो माणूस आला त्याचं नाव राम. तिशीतला, दाढी कोरलेली, बोलणं तुपात घोळलेलं. नाव ऐकूनच संजीवनीबाईंच्या मनातली निम्मी भीती गेली. शाइस्ता शाळेत होती. महादेवराव वामकुक्षी घेत होते.

"काकू, रेकॉर्ड करू ना? आमच्या वरच्या लोकांना तुमच्याच तोंडून ऐकवतो."

"ऐकव बाप्पा."

आता, कुणाच्या दारी मागणं घेऊन जायचं तर आधी त्याचं चांगलं बोलावं, मग आपलं गाऱ्हाणं सांगावं, ही त्यांच्या घरची रीत. लेकीच्या सासरी तक्रार न्यायची असली तरी आई आधी विहिणीच्या हातच्या भाजीची तारीफ करायची. त्यात यंदाचा नेम. त्यामुळे संजीवनीबाईंनी सुरुवात केली ती अशी.

"तुमच्या पाणपोईनं मले चार वर्सं सांभाळलं. दवाखान्यात असली तरी मी दिवस चुकू देल्ला नाही. एक दिवस चुकला तर जिवाले चैन नाही पडत. लई पुण्याचं काम करून राह्यले तुम्ही. देव तुमचं भलं करो."

मग त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं. सगळं, एकेक करून. फाटकाशी थांबलेल्या माणसाचंही सांगितलं, जे नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. "दारात तहानेला माणूस उभा आहे, बाप्पा. त्याच्या पुढ्यात तेल नका विकू." सांगताना आवाज कापला, पण चढला नाही.

रामनं डोळे पुसल्यासारखे केले. "काकू, मी शब्द देतो. तुमचं म्हणणं प्रत्येक खेळाडूपर्यंत पोचेल."

शाइस्ता शाळेतून थेट आली तेव्हा संजीवनीबाई शिरा ढवळत होत्या. "शब्द देल्ला त्यानं," त्या म्हणाल्या. ग्रुपवर फुलं पडली. शालिग्रामांनीसुद्धा शिवी न देता एक अख्खं वाक्य लिहिलं.

पंधरा दिवस तेल तसंच चालू राहिलं. कामाला वेळ लागतोच, त्या म्हणत राहिल्या.

सोळाव्या दिवशी शेजारची सुवर्णा ब्लाऊज न्यायला आली. नव्यानंच लग्न होऊन आलेली, संजीवनीबाईंचं बघूनच खेळायला लागलेली. आल्या आल्या खुर्चीवर बसली आणि गालात हसली.

"काकू, तुम्ही तर फेमस झाल्या बाप्पा! मोबाईलात तुमचा आवाज!"

"माहा? कुठी?"

"पाणपोईत. वाटसरूले पाणी पाजायच्या आधी. ऐका ना."

तिनं खेळ उघडला. वाटसरू आला, ओंजळ धरून थांबला. केसांचं तेल नव्हतं आता. माळावर कडुनिंब, मंद बासरी, आणि संजीवनीबाईंचा आवाज. 'तुमच्या पाणपोईनं मले चार वर्सं सांभाळलं. एक दिवस चुकला तर जिवाले चैन नाही पडत.' मग दुसरीच कुणी बाई, गोड, शहरी. 'तुमच्याही जिवाला चैन पडू द्या. चुकलेला दिवस आत्ताच विकत घ्या.' पुन्हा संजीवनीबाई. 'लई पुण्याचं काम. देव तुमचं भलं करो.'

आणि त्या सगळ्या वेळात तो माणूस उभा. आता त्याला उभं ठेवायला खुद्द त्यांचाच आवाज होता.

"मी घेतले माहे चुकलेले अकरा दिवस," सुवर्णा सांगत होती. "हे ओरडले घरी. म्हटलं, संजीवनीकाकू म्हणून राह्यल्या म्हणजे काही वंगाळ नसंन. त्या काय खोटं बोलतील?"

संजीवनीबाईंच्या हातातली कात्री खाली ठेवली गेली. "सुवर्णा, मी असं म्हटलं नव्हतं वं. मी तर इकू नका म्हणून सांगत होती."

सुवर्णानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "पण आवाज तर तुमचाच आहे ना, काकू?"

ब्लाऊज घेऊन ती गेली. जाताना काही वाईट बोलली नाही. तिला वाटलं, काकू लाजल्या.

ग्रुपवर शालिग्रामांनी लिहिलं होतं, "मॅडम, तुम्हाले निवडून देल्लं आन् तुम्ही तर पार्टीच बदलली." खाली हसणारे चेहरे, मग न हसणारे. संजीवनीबाईंनी एका बोटानं, चुकत चुकत, सगळी हकीकत लिहिली. आधी चांगलं बोलले, नंतर गाऱ्हाणं सांगितलं, त्यांनी पुढचं ठेवलं आणि मागचं कापलं. कुणीतरी विचारलं, पूर्ण रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? ते नव्हतं. ते कंपनीकडेच होतं. रामला फोन लावला, तो लागला नाही. कंपनीला लिहिलं, तर लगेच उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

संध्याकाळी शाइस्ता आली. रोजच्यासारखी आत न येता उंबऱ्यापाशीच थांबली.

"ताई, एक इचारू? रागावू नको. त्यांनी काही देतो म्हटलं होतं का तुले?"

संजीवनीबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"तूही असं इचारून राह्यली?"

"लोक मले इचारतात ना. मागण्या म्या लिहिल्या. मी तुह्यासाठी हमी देल्ली सगळ्यांले. आन् मी तवा इथं नव्हती. तू काय बोलली, मले काय मालूम?"

"मी सांगून राह्यली ना तुले."

"हाव," शाइस्ता म्हणाली. पण तो हाव पोकळ होता. ती गेली.

महादेवरावांनी सगळं ऐकलं होतं. फाटकाची गोष्टही संजीवनीबाईंनी आता त्यांना सांगितली होती. पेपर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "गोड बोलून केसानं गळा कापला त्यांनी. दोन शिव्या हासडल्या असत्या तू, तर वापरताबी आल्या नसत्या त्यांले."

"मले शिव्या येत नाहीत वो."

"ठाऊक आहे. त्यांलेबी ठाऊक झालं ते."

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, तुळस झाली, पूजा झाली, अध्याय झाला. संजीवनीबाईंनी मोबाईल घेतला, रांजण भरला. वाटसरू लांबून येताना दिसला तशी त्यांनी खेळ बंद केला. त्याला ओंजळ धरायची वेळच येऊ दिली नाही. मग चहा टाकला.

दिवसभर त्या बाह्या जोडत राहिल्या. पाचदा बोट मोबाईलकडे गेलं. साडेसहाला देवाजवळ दिवा लावला आणि हात जोडून त्या म्हणाल्या, "माहा नेम मीच मोडून राह्यली. याचा दोष माह्यावर." एकदा फाटकाशी चुकलं होतं ते भीतीनं. आज त्या जाणूनबुजून चुकवत होत्या, आणि कोणतं जास्त जड ते त्यांना ठरवता येईना. पण त्यांचा शब्द कुणी मानत नव्हतं. मानत होते तो फक्त आकडा, तर मग तोच सोडून दाखवायचा होता.

सात वाजले. यादीतलं सगळ्यात वरचं नाव घसरत घसरत तळाला गेलं. संजीवनी. शून्य.

ग्रुपवर अकरमनं लिहिलं, "काकूंचा आकडा गेला बे." त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

दहा मिनिटांत शाइस्ता दारात होती. धावत आलेली, ओढणी एका खांद्यावर.

"ताई, मी पाह्यलं. पटलं मले. तू इकल्या गेली नव्हती."

"आता पटलं?" संजीवनीबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "काल मी तोंडानं सांगून राह्यली होती, तवा नाही पटलं?"

शाइस्ता ओसरीच्या पायरीवर बसली. बसायला कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सांजवाराचा संदेश होता. 'प्रिय संजीवनीजी, तुमचा एक दिवस चुकला! आमच्या लाडक्या चेहऱ्यासाठी खास भेट. चौदाशे ब्याऐंशी दिवस विनामूल्य परत मिळवा.' खाली दोन बटणं. 'परत हवेत' हिरवं, मोठं. 'नको' करड्या रंगात, इतकं बारीक की संजीवनीबाईंना चष्म्यातूनही नीट दिसेना.

त्यांनी मोबाईल शाइस्ताच्या हातात दिला.

"मले दिसत नाही. नको कुठी आहे ते पाह्य, आन् तूच दाब."

"चार वर्सं, ताई."

"दाब."

शाइस्तानं दाबलं. पडद्यावर 'नक्की?' असं आलं. तिनं वर पाहिलं नाही, पुन्हा दाबलं. मग दोघी तशाच बसून राहिल्या, एक पायरीवर, एक उंबऱ्यात. शेजारी सुवर्णाच्या घरात कुणीतरी खेळ उघडला असावा, कारण भिंतीपलीकडून मंद बासरी ऐकू आली, आणि मागोमाग संजीवनीबाईंचा आवाज, देव तुमचं भलं करो म्हणणारा.