आमच्या घरात प्रेशर येत नाही

माझा नवरा लिनव्हल कपाळ चोळायला लागला की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसते. त्या रविवारी तो सकाळपासून कपाळ चोळत होता आणि तसाच चर्चच्या आवारात टेबलं मांडत होता. आरोग्य शिबिर त्याचंच ना! आमच्या चर्चच्या मंडळीचा तो एल्डर, म्हणजे पुढारी. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, उभं राहून सांगायचं, "मांस सोडा, रक्ताचं प्रेशर सुटेल." आम्ही दोघांनी ते लग्नाआधीच सोडलं. मासासुद्धा नाही.

"प्रेशर मोजायचं मशीन आलंय, तर तूही हात घाल की त्यात," मी म्हटलं.

"डेलसी, आपल्या घरात प्रेशर येत नाही. आता पुन्हा सुरू करू नकोस."

पालथ्या घड्यावर पाणी. पायऱ्या चढताना मध्येच थांबायचा, भिंत धरायचा आणि विचारलं की म्हणायचा, ऊन लागलं. त्याचा बाप जेवता जेवता एका बाजूला कलंडला तो पुन्हा बोललाच नाही. "बाबा डुक्कर खायचे," एवढंच लिनव्हलचं त्यावर उत्तर. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला. अंबाडीच्या बोंडांचं सरबत वाटताना लक्ष त्याच्याकडे, त्यात दोन पेले सांडले आणि मी उगाचच एका पोरीवर खेकसले.

रांगेत शेजारची मिस आयोना होती. डुकराचं शेपूट घातल्याशिवाय हिचा राजमा शिजत नाही. नर्स पिनॉकने तिच्या दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाली, "छान आहे. गोळी चालू ठेवा."

"ऐकलंत का, एल्डर?" मिस आयोना सगळ्या जमैकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आता तुमचं पवित्र रक्त दाखवा की आम्हाला!"

रांग खदाखदा हसली. माझ्या विनवण्यांनी जे झालं नाही ते त्या हसण्याने झालं. लिनव्हल तावातावाने खुर्चीत बसला. नर्सने आकडा पाहिला, पुन्हा मोजलं आणि हळूच म्हणाली, "एल्डर, एकशे ब्याण्णव. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

त्याने पट्टा ओरबाडून काढला. "मशीन बिघडलंय. घरी जा सगळे."

आणि लोक निघालेसुद्धा! एल्डर सांगतोय म्हटल्यावर विचारतंय कोण? तो स्वतःच त्यांना फाटकाकडे न्यायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तो जिवंत हवा होता, मग मंडळीत त्याचं नाक कापलं गेलं तरी चालेल.

"थांब!" मी खुर्चीत बसले. "नर्स, माझं बघा. मी याच्याच भांड्यातलं खाते आणि मला काही होत नाही. माझं नीट आलं, म्हणजे मशीन नीट."

नर्सने मोजलं. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधला.

"सिस्टर डेलसी, तुमचं त्यांच्याहून जास्त आहे."

इतके दिवस मी त्याचा श्वास ऐकत बसले होते, माझ्या स्वतःच्या डोक्यातली ठणक मात्र काळजीच्या नावावर घालत होते.

"खाता काय तुम्ही?" नर्सने विचारलं.

"भाजीपालाच," मी म्हटलं आणि माझीच जीभ अडखळली. पूर्वी खरंच तसं होतं. आमच्याच वाफ्यातली हिरवी पालेभाजी, कोनफळ, ओली तूर, निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस. मग गुडघे गेले आणि वाफाही गेला. आता शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथचं जेवण तयार हवं, म्हणून दुकानातले डबे फोडायचे. गव्हाच्या सत्त्वाचं खोटं मटण, खारट पाण्यात बुडवलेलं. वर पाकिटातला मसाला आणि तळलेली मैद्याची बोंडं. पुढे पुढे आठवडाभर तेच. डब्यावर आम्ही एवढंच बघायचो की आत मांस नाही ना. हे सगळं मी नर्सला सांगून टाकलं.

"मांस सोडलंत ते चांगलंच केलंत," नर्स म्हणाली. "पण या डब्यांतलं मीठ? प्रेशर त्यानेही चढतं."

मी वर पाहिलं. लिनव्हल फाटकापाशी वळून उभा होता आणि माझ्या दंडावरच्या पट्ट्याकडे बघत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मशीन बिघडलंय असं तो अजूनही म्हणू शकला असता. सगळी मंडळी त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"परत या!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "परत या सगळे. मशीन चांगलं आहे. खोटं मी बोललो."