अक्काचं स्वप्न मी पाहिलं

यंदा शाळेत बायबलच्या तासाला मी एकदम स्टार झाले. दानीएलची गोष्ट वर्गासमोर अशी काही रंगवून सांगितली की सिस्टरनीच आधी टाळ्या वाजवल्या. गोष्टच तशी आहे! बाबेलचा राजा स्वप्नाने दचकून उठतो, पंडितांना बोलावतो आणि म्हणतो, अर्थ नंतर सांगा, आधी मला काय स्वप्न पडलं ते तुम्हीच ओळखा. नाही ओळखलं तर तुकडे करीन. मग दानीएल प्रार्थना करतो आणि राजाचं स्वप्न त्यालाच दिसतं.

घरी येऊन बघते तर आमच्याकडेही असलाच राजा!

माझी मोठी बहीण, कीर्तना अक्का, बाळंतपणाला आमच्याकडे तंजावूरला आली होती. सातव्या महिन्यात तिचं वळैकाप्पु, म्हणजे आमच्याकडचं डोहाळजेवण, झालं, दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरले आणि तेव्हापासून तिची झोपच उडाली. डोळा लागला की किंचाळून उठायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी असंच चढत राहिलं तर बाळालाही धोका आणि हिलाही. झोप हवीच.

"काय दिसतं गं तुला?" मी विचारलं.

"आठवत नाही," अक्का बांगड्या फिरवत म्हणाली. साफ खोटं.

अम्माने मला स्वयंपाकघरात ओढलं. "विचारू नकोस तिला. वाईट स्वप्न आधी वाहत्या पाण्याला सांगायचं असतं. माणसाला सांगितलं तर त्यालाच चिकटतं."

"मग सांगू दे की पाण्याला!"

"मार्चात कुठलं पाणी? कावेरीत वाळू, कालव्यात वाळू. मेट्टूरचं धरण उघडेल ते जूनमध्ये."

"नळ आहे ना."

"नळाचं पाणी टाकीतून बादलीत. ते कुठे वाहून जातंय? आगाऊ कुठली!"

जून! बाळ तर एप्रिलातच येणार. म्हणजे अक्काने तोंड उघडायचंच नाही. पण न सांगता ओळखणारी मी होतेच की! मी दिवा लावला, गणपतीला हात जोडले आणि त्याच्याच समोर दानीएलच्या देवालाही हाक मारली. ते दोघं आपसात समजून घेतील म्हटलं.

आणि त्या रात्री झोपेत मला दिसलं.

कोरड्या कालव्यातून बायका चालल्या होत्या. हात बांगड्यांनी भरलेले, पण किणकिण नाही. एकेक जण काठावर चढून गेली. शेवटची खाली राहिली. तिचे हात मोकळे होते. ती हात वर करत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. मग तिने मान वर केली.

ती अक्का होती.

सकाळी अक्का कॉफी पीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, फक्त तो चेहरा गाळला. तिने पेला खाली ठेवला.

"तुला कसं कळलं, हरिता?"

"मी दानीएल आहे!" मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"ती शेवटची कोण गं? मला नेहमी पाठमोरी दिसते. वळणार इतक्यात मी उठते. तू बघितलंस तिला?"

मी तिचा पेला उचलून उठायला लागले.

"खरं सांग. अर्थ काय त्याचा?"

बायबलमधल्या योसेफाने तुरुंगात राजाच्या भटाऱ्याला त्याच्या स्वप्नाचा अर्थ तोंडावर सांगितला होता, तुला फासावर देतील आणि पाखरं तुझं मांस खातील. सिस्टर म्हणतात, अर्थ देवाचा असतो, आपण बदलायचा नसतो. मी अक्काच्या पोटाकडे बघितलं.

"अगं, ती मी!" मी म्हटलं. "शाळेत बांगड्या चालत नाहीत. मोकळ्या हातांची या घरात दुसरी आहे कोण? तुम्ही सगळ्या बाळाच्या मागे धावणार आणि मला विसरणार. म्हणून खाली उभी राहून गळा काढतेय."

अक्काने माझं मोकळं मनगट उचलून बघितलं. मग खो खो हसली. "नाही विसरणार हो, माकडे!"

त्या दुपारी ती दिवेलागणीपर्यंत झोपली. पुढच्या तपासणीला बीपी उतरलेलं. अम्माने माझीच दृष्ट काढली!

मला मात्र रोज पहाटे तो कालवा दिसतो. बायका काठावर चढून जातात, आता अक्काही त्यांच्यात असते. खाली मी, अक्काला सांगितलं होतं तशीच. काल माझ्या मागून वाळूत अजून कुणीतरी चालत आलं, अगदी पाठीशी येऊन थांबलं. ओरडले असते तर शेजारी झोपलेली अक्का जागी झाली असती. एवढं मला तिथेही कळत होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि वळून बघितलं.