ह्यांना म्हातारं करून द्या

फोटोवाल्या बाईंच्या नाकावर राग कायम तयार असायचा, आणि त्याला कारण गिऱ्हाईकच. फोटो काढताना सगळे शहाण्यासारखे बसतात, पण कच्ची प्रत हातात पडली की एकेकाला कंठ फुटतो. हिची हनुवटी कमी करा, ह्याच्या डोक्यावर चार केस वाढवा, आणि त्या मामींना जमलं तर काढूनच टाका. ही काय भाजी आहे, निवडून निवडून घ्यायला? पण हे बाई मनात म्हणायच्या. तोंडाने ‘बघते’ म्हणायचं आणि संगणकासमोर मान मोडून बसायचं, हाच त्यांचा धंदा होता. खरं सांगायचं तर त्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

त्या कुटुंबाचं काम आलं तेव्हाही बाईंना वाटलं, नेहमीचंच असणार. थोरला मुलगा, धाकटी मुलगी, सून, जावई, नातवंडांचा गोतावळा आणि मधोमध आजी. आजींच्या शेजारची खुर्ची मात्र त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली. सगळे फोटो काढून झाल्यावर थोरल्याने खिशातून एक जुनं ओळखपत्र काढलं. त्यावर नखाएवढा एक फोटो होता, एका ताठ बसलेल्या तरुणाचा. हे आमचे वडील, म्हणाला. कारखान्यात अपघात झाला आणि ते गेले तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. थोरला नुकता पाऊल टाकायला लागला होता, आणि धाकटी तर आईच्या पोटात होती.

घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. लग्नात फोटो काढणारा येतो सांगून आलाच नाही, पुढे काढू म्हणता म्हणता राहून गेलं. आता आजींच्या डोळ्यांचं काही खरं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की जे बघायचंय ते लवकर बघून घ्या. आजींना काय बघायचं होतं? एवढंच, की सगळी मुलंबाळं भोवती आहेत आणि त्या नवऱ्याच्या शेजारी बसल्या आहेत.

बाई कामाला लागल्या. नखाएवढा फोटो मोठा केला, डाग काढले, अंगात चांगला शर्ट चढवला आणि माणूस रिकाम्या खुर्चीत बसवला. बसला छान, पण बघवेना. पांढऱ्या केसांच्या, वाळलेल्या आजींच्या शेजारी तो त्यांचा मुलगा दिसत होता, मुलगा कसला, नातूच. मागे उभा असलेला थोरला तर स्वतःच्या बापाचा काका वाटत होता. मग बाईंच्या सराईत हातांनी तेच केलं जे ते रोज करायचे. आजींच्या सुरकुत्या पुसल्या, गाल भरले, केस काळे केले. बघता बघता जोडा शोभायला लागला. आपल्या कामावर बाई अशा खूश झाल्या की त्यांनी स्वतः फोन करून आजींना बोलावलं.

आजी आल्या, धाकटीचा हात धरून. चष्मा पुसून त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“ही कोण?”

बाई हसून म्हणाल्या, तुम्हीच की.

“मी? मग मुलांना वाढवलं ती कोण?” आजींचा आवाज चढला नव्हता, पण बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. “माझ्या सुरकुत्या पुसू नका हो. एकटीने मिळवल्यात मी त्या. त्यांतल्या निम्म्या ह्यांना द्या. ह्यांना म्हातारं करून द्या.”

बाईंनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं जगाला तरुण करण्यात गेली, कोणाला म्हातारं करायचं काम कधी आलंच नव्हतं! घरी जाऊन त्या चिडचिडल्या, जेवल्या नाहीत, आणि सकाळी उठून सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं.

मग सुरू झाल्या खेपा. बाईंनी करायचं, आजींनी खोट काढायची. केस नुसते पांढरे करून काय उपयोग, मागे हटवा; सासऱ्यांचं डोकं चकचकीत होतं, हे थोडेच सुटले असते? कान मोठे करा, म्हातारपणी कान वाढतात. पोट द्या, खायची भारी आवड. थोरल्याला बाप रुबाबदार हवा होता, मिशा पाहिजेत म्हणून तो अडून बसला, तर आजींनी एका शब्दात त्याला गप्प केलं: टोचायच्या. त्यावर तो बिचारा लाजून पार दाराबाहेर गेला. धाकटी मात्र काहीच सुचवायची नाही. ती काय सुचवणार? जिने बाप पाहिलाच नाही, तिला ह्या सगळ्या खेपा म्हणजे एका परक्या माणसाची चौकशी होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ती नुसती ऐकायची.

केस झाले, कान झाले, पोटही झालं, आणि तरी घोडं अडलंच. प्रत्येक खेपेला आजी मान हलवायच्या. माणूस म्हातारा झाला होता, पण तो त्यांचा नव्हता.

“हे कुठलं रागीट म्हातारं बसवलंत माझ्या शेजारी?” शेवटी त्या म्हणाल्या. “ह्यांना हसायला कारण लागायचं नाही. ओळखपत्राच्या फोटोत हसू दिलं नाही कोणी, म्हणून तुम्हाला वाटतं असे होते. आणि असलं रागीट म्हातारं माझ्या नशिबी असतं ना, तर मीच पळून गेले असते कधीची.”

हे ऐकलं आणि धाकटीला हसू फुटलं. असं फुटलं की ती स्टुलावरून पडता पडता राहिली. तिचे डोळे गच्च मिटले, नाक वर चढलं, आणि डाव्या गालावर डोळ्यापासून थेट जबड्यापर्यंत एक लांब घडी पडली.

आजींनी बाईंचं मनगट धरलं. “अशी,” त्या म्हणाल्या. “अगदी अशी. डावीकडेच पडायची.”

धाकटीचं हसणं थांबलं. तिने हळूच आपल्या गालाला हात लावला. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी सांगत होतं की वडिलांचं काहीतरी तिच्यापाशी आहे. आजी तरी कुठून सांगणार? इतकी वर्षं घरात ह्या माणसाचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे, हसायची कोणाची छाती होती! त्यामुळे त्यांची आठवण आणि हिचं हसू कधी समोरासमोर आलंच नव्हतं. बाईंनी कॅमेरा उचलला आणि आजींना म्हणाल्या, हसवा तिला पुन्हा. आजींनी हसवलं. नवऱ्याच्या फजितीचे एकेक किस्से त्या सांगत गेल्या आणि धाकटी हसता हसता रडायला लागली. बाई फोटो काढत राहिल्या.

पुढच्या खेपेला बाईंनी पडदा दाखवला नाही, थेट मोठी छापील प्रतच आजींच्या मांडीवर ठेवली. सुरकुतलेल्या आजी तशाच होत्या, एक रेघ कमी नाही. शेजारी टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा, मोठ्या कानांचा म्हातारा डोळे मिटून हसत होता, डाव्या गालावर तीच लांब घडी. मागे धाकटी उभी होती, तीही डोळे मिटून. कुठलंही दुकान असा फोटो रद्द करतं. बाईंनी तो मुद्दाम निवडला होता.

आजींनी दोन्ही हातांनी बाईंचे हात धरले. तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाल्या, आणि मी केवढा छळ केला तुमचा. छळाबद्दल गिऱ्हाइकाचे आभार मानायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, पण आज त्यांनी मनापासून मानले. तुम्ही खोट काढत गेलात म्हणून हे दिसले, नाहीतर मी तुम्हाला एक देखणा परका माणूस देऊन मोकळी झाले असते, असं त्या सरळ बोलून गेल्या.

आजींचं आता लक्ष नव्हतं. त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली, पदराने काचेसारखी पुसली आणि धाकटीला जवळ ओढून घेतलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा त्या फोटोतल्या म्हाताऱ्याशी बोलल्या.

“अहो, ही बघा आपली धाकटी.”