दहा टनांच्या सवतीची पाठवणी

"जप्त तर केला, पण आता चालवणार कोण?" बँकेचे साहेब रोलरभोवती एक फेरी मारून म्हणाले.

नगरपालिकेच्या आवारात जमलेल्या सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. गावात रोलर एकच, आणि तो चालवणारे हे एकटेच. लग्न झाल्यापासून ही दहा टनांची सवत माझ्या नशिबी आहे. माझा वाढदिवस ह्यांना आठवत नाही, पण तिचं ऑइल कधी बदललं ते झोपेतून उठवून विचारा.

"मीच पोचवतो," हे म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात क्लच टिकायचा नाही."

बघा! हिला घेऊन चाललेत, आणि ह्यांना काळजी क्लचची!

तेवढ्यात नगराध्यक्षांनी भाषण केलंच. चार माणसं दिसली की त्यांना राहवत नाही. कर्जाशिवाय विकास नाही, विकासाशिवाय देश नाही, तेव्हा आजची जप्ती ही एका परीनं प्रगतीचीच खूण, असं काहीसं ते बोलले. टाळ्या त्यांच्या मेहुण्यानं वाजवल्या. कर्ज काढलं होतं ते वेशीवरच्या स्वागतकमानीसाठी. कमान अर्धीच झाली, पैसे मात्र पुरते संपले.

मी आले होते डबा द्यायला. खरं सांगायचं तर भांडायला.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी खडी पसरली आणि डिझेलला पैसे नाहीत म्हणून ती तशीच राहिली. सासूबाई दुसऱ्याच दिवशी तिच्यावरून घसरून पडल्या. तेव्हापासून त्यांचं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. गल्लीच्या टोकाला त्यांची धाकटी बहीण राहते. दोघी आपापल्या दारात बसून ओरडून बोलतात, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं गल्लीला तोंडपाठ आहे. मध्ये एकदा थोडं डिझेल आलं, तर ते ह्यांनी शेजारच्या गल्लीला घातलं. आपली गल्ली आधी केली तर लोक काय म्हणतील!

"अहो, रोलर गेला तर आपल्या गल्लीचं काय?" मी विचारलं.

"आपला नंबर आला नाही."

"आता कुठून यायचा नंबर? आईंना काय जन्मभर दारातच बसवून ठेवणार?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

"मुख्य रस्त्यानं चला," साहेब म्हणाले.

"कमानीखालून?" मी मध्येच तोंड घातलं. "परांची अजून उतरवलेली नाही, साहेब. तुमच्या कर्जानंच रस्ता अडवलाय."

"मग दुसरा रस्ता?"

हे खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "आहे. पण तो आमच्या गल्लीतून जातो."

"मग चला की!"

"लोक म्हणतील, शेवटी साधलंच ह्यानं."

"अहो, रोलर आता बँकेचा, डिझेल बँकेचं. काय म्हणायचं ते मला म्हणतील," साहेब म्हणाले.

असा माणूस बँकेत टिकला कसा कोण जाणे.

मी पुढे धावत गेले. "बादल्या काढा, बादल्या!" मुरूम टाकून पाणी मारल्याशिवाय खडी बसत नाही, एवढं ह्यांच्या संसारात मीही शिकले होते. मुरमाचा ढीग कोपऱ्यात पडलेलाच होता. पोराटोरांसकट सगळी गल्ली घमेली घेऊन बाहेर पडली.

रोलर एकदा या टोकापासून त्या टोकाला गेला आणि थांबला. हे खाली उतरले, खडीकडे वाकून पाहिलं.

"साहेब, एका फेरीत सोडली तर खडी उधळेल. असलं काम मी कधी केलं नाही."

"किती वेळ लागेल?"

"तुमचा चहा होईपर्यंत."

हे आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले असतील. साहेबांचा चहा चारदा झाला.

साहेबांची खुर्ची सासूबाईंशेजारीच मांडली होती. "तुम्ही नवे इंजिनिअर का?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, मी जप्तीला आलोय."

"बरं झालं बाई आलात. आजवर जे आले, ते नुसतं मोजून गेले."

काम झालं. हे पुन्हा रोलरवर चढले आणि निघाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाई काठी टेकत उठल्या. धरायला गेले तर माझ्यावरच काठी उगारली. गल्लीच्या मधोमध, रोलरच्या मागोमाग, त्या बहिणीच्या दारापर्यंत चालत गेल्या. मला रडू आलं, लपवायचं काय त्यात?

संध्याकाळी हे पायी परत आले. काखेत सीटवरची उशी होती. ती मी शिवलेली, म्हणजे बँकेची नव्हे.

हे गल्लीत शिरले ते अगदी कडेकडेनं, भिंतीला घासून.

"मधून या की!" मी दारातून ओरडले.

"ओला आहे अजून. उद्यापासून चालू दे लोकांना."

ओल्या रस्त्यावर कुणी पाय ठेवला की हे रोलरवरून खेकसायचे. एकदा तर नगराध्यक्षांनाही सोडलं नव्हतं. आज रस्त्याच्या मधोमध, पार टोकापर्यंत, काठीची भोकं उमटली होती. हे उशी काखेत धरून त्या भोकांकडे बघत उभे राहिले आणि कुणालाच काही बोलले नाहीत.