अठरा हजारांपायी गोठलेलं खातं

अम्माच्या हृदयाची झडप बदलायची होती. रत्नागिरीच्या हॉस्पिटलने चार वाजेपर्यंत साडेतीन लाख भरायला सांगितले होते, नाहीतर मुंबईहून आलेला सर्जन दुसरा पेशंट घेणार होता. पैसे माझ्या खात्यात होते, सात वर्षं इथे आखातात, कुरुमच्या दुकानात अबाया शिवून साठवलेले. आणि सकाळी बँकेने कळवलं की खातं गोठवलंय. का, तर कुठल्याशा दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन बंद करून मी तपास अधिकाऱ्याला फोन लावत बसले. बारा वाजता एकदाचा लागला.

"मार्चमध्ये तुमच्या खात्यात अठरा हजार आलेत," तो हिंदीत म्हणाला. "एका रिटायर्ड मास्तरांना फसवून काढलेले. पाठवणाऱ्याला ओळखता?"

"नाही."

"अनोळखी माणूस तुम्हाला पैसे पाठवतो?"

काय सांगणार? इथल्या मत्रहच्या बाजारात अत्तर विकणारे अहमदचाचा आमच्या गावचे. दर महिन्याला मी त्यांच्या हातात रियाल ठेवायचे आणि गावाकडे त्यांचा मुलगा मुआज कुणाकडून तरी माझ्या खात्यात रुपये टाकवायचा. बँकेपेक्षा भाव चांगला मिळायचा. पाठवणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं. मी एकदाही विचारलं नाही. आमच्यातलं कुणीच विचारत नाही.

"ओळखीच्या एकाने कुणाकडून तरी टाकवलेत. मग ते अठरा हजार अडवा ना! माझी मेहनत का अडवलीत?"

"तपासात खातं गोठवायचा अधिकार आहे आम्हाला. पैसे कुणी टाकवले त्याचं नाव ईमेलने लिहून द्या. अठरा हजार ठेवून बाकीचे सोडायला बँकेला लगेच कळवतो."

मी अहमदचाचांना फोन केला. ते रडायलाच लागले. "बेटा, मुआजचं नाव नको घेऊ. त्याला काय पण म्हाईत नाय. तीन म्हैने झाले लग्नाला. जरा थांब, मी कायतरी करतो."

"थांबायला वेळ कुठाय, चाचा?" मी ओरडले आणि फोन कापला. मला त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. नंतर त्यांचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

अर्बाबकडे, म्हणजे दुकानाच्या मालकाकडे, उसने मागितले, तर तो "इन्शाल्ला, उद्या" म्हणाला. इकडे दोन वाजले, म्हणजे तिकडे साडेतीन. मुआजला मी कडेवर खेळवलंय. तरी त्याचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर, सगळं लिहिलं आणि ईमेल पाठवून दिला.

पाच मिनिटांत हॉस्पिटलमधून माझ्या धाकट्या बहिणीचा, महेकचा, फोन आला. "आपा, अम्माला आत घेतलं! पैसे भरले."

"बँकेने इतक्यात सोडले?"

"बँक कसली! मुआजने भरले. चाचांनी फोन केला होता त्याला. बायकोचे सगळे दागिने गहाण टाकून रोख घेऊन आला. इथंच बसलाय, घे, बोल."

मी नको म्हणेपर्यंत फोन त्याच्या हातात गेला होता.

"आपा, टेन्शन घेऊ नको," मुआज म्हणाला. "पोलिसांचं पण बघू आपण वकिलाला विचारून. तू त्यांना काय लिहून नाय ना दिलंस अजून?"