काळ्या बोकडाचे दोन फोटो

काळा बोकड फोटोत काळा आणणं म्हंजे डोक्याला ताप हाय. सावली तशीच ठेवली तर नुसतं भोक दिसतं, उजळ केली तर केस तांबडे पडतात. तुळजापुरात लग्नं शूट करून माझी कंबर मोडलेली, त्यात तामलवाडीचे बब्रुवानमामा बायको आन् बोकड घेऊन स्टुडिओत हजर. नातीला टक्कर देऊन पाडल्यापासून त्यांना तो दारात नको होता.

सांगलीकडच्या एका फार्मवाल्याला पैदाशीसाठी अस्सल उस्मानाबादी जातीचा, म्हंजे काळाभोर बोकड पायजे होता. मोबाईलच्या फोटोवर त्याचा भरवसा न्हाय, म्हणून मागं मीच मोठ्या कॅमेऱ्यानं काढून पाठवलेला. त्याचं उत्तर आलं होतं, "तांबूस दिसतो. जातीत भेसळ वाटते. एकदा नीट फोटो पाठवा, शेवटचं."

मामा बोकडाला पाला टाकायला बाहेर गेले. मी त्याच फोटोची रॉ, म्हंजे कॅमेऱ्यातली कच्ची फाईल नव्या सॉफ्टवेअरात उघडली. जुन्यात कर्व्ह, म्हंजे उजेड कमीजास्त करायची रेघ, वर ओढला की उजेडाबरोबर रंगबी फुगतात, संध्याकाळच्या उन्हाची लाली केसाकेसात चढते. नव्यात तोच कर्व्ह नुसत्या उजेडाला लावता येतो. तेवढाच वाकवला, आन् बोकड काळाभोर, केस न् केस मोकळा. लई दिवसांनी कामाचं बरं वाटलं.

पाठीमागनं मामांची बायको, सिताबाईमावशी, म्हणाल्या, "आईविना वाढवलाय रे म्या त्याला, बाटलीनं. तांबडाच पाठीव. न्हाय घेतला तर ऱ्हाईल दारात."

वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, आपल्या बापाचं काय जातंय. जुन्यातनंच काढून तांबडा पाठवला. लगेच उत्तर आलं, "नको."

मामा आत येऊन खुर्चीत टेकले. फार्मवाला नको म्हणाला, हे मी सांगितलं तसं म्हणाले, "भेसळीचा ठरल्यावर पैदाशीला कोण घेतंय? येत्या बाजाराला खाटकाला देतो."

मावशींचा चेहराच उतरला. माझ्या खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, "दारातनं जाऊ दे, पर जिता ऱ्हाऊ दे. काळा पाठीव, बाबा."

पाठवला. खाली लिहिलं, खरा रंग हाच, चूक माझी.

उत्तर आलं, "आता दुसराच बोकड दाखवताय. परत मेसेज करू नका."

मावशींना वाचता येत न्हाय. मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"घेतो म्हंतोय न्हवं?" त्यांनी विचारलं.