दुसरा ठिपका

लोटनभाऊ चाचणीसाठी कपाशीच्या ट्रॉलीला खेटून उभे होते, तरी नूतनच्या स्क्रीनवर ठिपका एकच उमटला. ट्रॉलीचा.

“मघाशी दोन दिसत होते ना?” गाडीच्या कंपनीकडून आलेले हितेंद्र सर म्हणाले.

दिसत होते. त्या दुसऱ्या ठिपक्यासाठीच तर नूतनने जळगावच्या कॉलेजात दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. गाडीच्या रडारच्या अँटेनापुढे बसवायचा मेटासरफेस तिने स्वतः आखला होता: एक पातळ पट्टी, तिच्यावर तिळाएवढे तांब्याचे हजारो चौकोन. त्याने लहरींचा झोत बारीक होई आणि ट्रॉलीशेजारचा माणूस वेगळा दिसे. तिचा भाऊ अमृत असाच, गाडीला न दिसल्याने गेला होता. गेल्याच्या गेल्या दसऱ्याला, धरणगावच्या रस्त्यावर, कपाशीच्या ट्रॉलीशेजारून चालताना. गाडी गावातल्याच पितांबरनानांची, त्याच सकाळी घरी आणलेली, स्वतःहून ब्रेक लावणारी. ब्रेक लागलाच नाही. अँटेना कमी पडला, असं नूतन धरून चालली होती.

वायरी तपासायला ती गाडीपुढे गेली आणि थबकली. डबा घेऊन आलेली माय, भिकुबाई, गाडीच्या नाकावर, नेमका अँटेनासमोर, झेंडूचा ओला हार बांधून नुकतीच बाजूला झाली होती.

“नवी गाडी शे. बोडकी कशी ठेवानी?”

नूतनने हार वर उचलला.

“आला! दुसरा आला!” हितेंद्र सर स्क्रीनपाशी ओरडले.

तिने हार सोडला.

“गेला.”

लोखंडी ट्रॉलीचा पडसाद त्या ओल्या फुलांतूनही येत होता. माणसाचा नाजूक, तो तिथेच विरत होता.

नूतनने पुन्हा हाराकडे पाहिलं. पितांबरनानांच्या गाडीचा हार मायनेच ओवला होता. अमृतच्या चपलेपाशी झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या नूतनने पाहिल्या होत्या, आणि दोन वर्षांत त्यांचा एकदाही विचार केला नव्हता.

“काय झालं होतं?” हितेंद्र सरांनी जवळ येऊन विचारलं.

माय शेजारीच उभी होती.

“वायर ढिली होती, सर,” नूतन जरा मोठ्यानेच म्हणाली. हार सोडवून तिने मायच्या हातात दिला. “माय, ऊन शे. तू सावलीमा बस.”

मग पाठ फिरवून तिने वहीत लिहिलं, ‘हार असताना माणूस दिसत नाही.’ अक्षर वाकडं आलं.

भिकुबाई सावलीत गेली नाही. हाराचा दोरा तोडून ती एकेक फूल काढत राहिली.

“अमृतनी येळले बी,” ती म्हणाली, “वायरच ढिली व्हती का, नूतन?”